ग्लेन मिलर यांच्यानंतरचा ग्लेन मिलर वाद्यवृंद

27 सप्टेंबर 1942 रोजी न्यू जर्सी राज्यातल्या पसेइक गावी, सेंट्रल थिएटरात, ग्लेन मिलर यांच्या वाद्यवृंदाचा शेवटचा कार्यक्रम झाला. 1938 च्या वसंतात उभा राहिलेला हा वृंद तेव्हा अमेरिकेतला बहुधा सर्वांत लोकप्रिय नृत्यवृंद होता. 1942 च्याच 10 फेब्रुवारीला ‘चॅटनूगा चू चू’ या तबकडीच्या 12 लाख प्रती खपल्याबद्दल आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने मिलर यांना सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट दिली होती. मिलर लष्करात दाखल झाले आणि वृंद मोडला. हिशेबाने पाहिले तर तो जेमतेम साडेचार वर्षे जगला.

तरीही त्याच नावाचा वृंद आजही दौऱ्यावर आहे. बसने गावोगाव जाणारा, नाट्यगृहांत आणि शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांत 1940 च्या आसपासची गाणी वाजवणारा हा संच 1956 साली उभा राहिला आणि आतापर्यंत दहा जणांनी त्याचे नेतृत्व केले. मूळ वृंदातला एकही वादक त्यात नाही. मग हा वृंद नेमका कोणाचा, आणि त्यात टिकले ते काय? श्रोत्यांच्या आठवणी आणि जाहिरातींतला मजकूर यांवरून याचे उत्तर मिळत नाही. तबकड्यांच्या नोंदी, लष्कराचे अहवाल, एक करार आणि एक न्यायालयीन निवाडा एकापुढे एक ठेवले, तर ते बऱ्यापैकी मिळते.

वह्यांमधला ध्वनी

मिलर यांचा ध्वनी ओळखायला दोन-चार स्वर पुरतात. वरची धून क्लॅरिनेटकडे, तीच धून एक सप्तक खाली टेनर सॅक्सोफोनकडे आणि या दोघांच्या मधल्या जागेत उरलेल्या सॅक्सोफोनांचे स्वर. विल्बर श्वार्ट्झ यांचा क्लॅरिनेट या रचनेच्या माथ्यावर असे. ही बांधणी ऐनवेळी सुचलेली नव्हती. प्रत्येक वादकाच्या वाट्याचे स्वर कागदावर उतरवलेले असत आणि तालमीत मिलर यांची शिस्त कडक असे. जॅझमध्ये एकल वादकाला मोकळे रान असते. इथे ते बेताचेच होते. त्याबद्दल जॅझच्या समीक्षकांनी मिलर यांना नावेही ठेवली. पण वृंदाचे पुढचे आयुष्य याच गोष्टीवर तरले. लुई आर्मस्ट्राँग यांचे वादन दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. मिलर यांच्या वृंदातल्या तिसऱ्या ट्रॉम्बोनची वही मात्र दुसऱ्या कोणाही कसलेल्या ट्रॉम्बोनवादकापुढे ठेवता येते.

लष्करात जाण्यापूर्वीच्या, म्हणजे नागरी, वृंदाच्या ध्वनिमुद्रणांची तारीखवार नोंद जॉन फ्लॉवर यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. अशा नोंदींचे महत्त्व एका उदाहरणावरून कळते. 1954 साली प्रदर्शित झालेल्या ‘द ग्लेन मिलर स्टोरी’ या चित्रपटाच्या शेवटी मिलर यांच्या मृत्यूनंतर नाताळच्या दिवशी रेडिओवर ‘लिटल ब्राउन जग’ वाजते. ही रचना त्यांनी पत्नीसाठी भेट म्हणून नव्याने बांधली, असे प्रेक्षकाला वाटते. प्रत्यक्षात ती 10 एप्रिल 1939 रोजी ध्वनिमुद्रित झाली होती आणि वृंदाच्या सुरुवातीच्या गाजलेल्या तबकड्यांपैकी एक होती. जेम्स स्ट्युअर्ट आणि जून ॲलिसन यांच्या अभिनयामुळे पटणारा हा प्रसंग इतिहास म्हणून निकालात काढावा लागतो. पुरावा म्हणून मात्र या चित्रपटाचे मोल वेगळे आहे. ते पुढे येईल.

लष्करातला काळ

मिलर यांनी लष्करी हवाई दलासाठी सुमारे 50 जणांचा वृंद बांधला आणि त्यात तंतुवाद्येही घेतली. 1944 च्या उन्हाळ्यात हा वृंद इंग्लंडला पोचला, बेडफर्ड इथे राहिला आणि रेडिओवर व तळातळावर जाऊन वाजवू लागला. अमेरिकेतल्या संगीतकार संघटनेने 1 ऑगस्ट 1942 पासून व्यापारी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. त्यामुळे नागरी वृंदाच्या शेवटच्या तबकड्या त्याआधीच, जुलैच्या मध्यात, घाईने उरकलेल्या आहेत. लष्करी वृंदाचे वादन त्यानंतर रेडिओच्या ध्वनिमुद्रणांत आणि सैनिकांसाठी काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ तबकड्यांत उरले.

15 डिसेंबर 1944 रोजी दुपारी बेडफर्डजवळच्या ट्विनवुड फार्म या धावपट्टीवरून एक नॉर्समन विमान फ्रान्सच्या दिशेने निघाले. आत तिघे होते: वैमानिक जॉन मॉर्गन, लेफ्टनंट कर्नल नॉर्मन बेसेल आणि मेजर मिलर. विमान पोचलेच नाही. बेपत्ता झाल्याची बातमी 24 डिसेंबरला जाहीर झाली. या घटनेवर पुढे अफवांचे पीक आले. कोलोरॅडो विद्यापीठातल्या ग्लेन मिलर संग्रहाशी निगडित असलेल्या डेनिस स्प्रॅग यांनी 2017 साली लष्करी कागदपत्रांच्या आधारे ग्रंथ लिहिला आणि खराब हवामानातला साधा अपघात हीच सर्वांत संभाव्य शक्यता असल्याचे दाखवले.

आपल्या विषयापुरती महत्त्वाची बाब ही की मृतदेह सापडला नव्हता. युद्धकाळातल्या नियमानुसार बेपत्ता सैनिकाचा मृत्यू साधारण वर्षभरानंतर गृहीत धरला जाई. वृंद तोवर थांबला नाही. रचनाकार जेरी ग्रे आणि ढोलवादक रे मॅकिन्ले यांनी त्याचा भार उचलला. 1945 च्या उन्हाळ्याअखेरीस तो मायदेशी परतला आणि 13 नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यासमोर वाजवून त्याने लष्करी आयुष्य संपवले. नेता नसतानाही वृंद वाजू शकतो आणि श्रोते तो ऐकतात, हे या अकरा महिन्यांत आपोआप सिद्ध झाले. पुढच्या सगळ्या व्यवहाराचा पाया तिथे पडला.

टेक्स बेनेके: पहिला वारस, पहिली फारकत

24 जानेवारी 1946 रोजी न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरात ‘ग्लेन मिलर वाद्यवृंद’ पुन्हा रंगमंचावर आला. नेतृत्व गॉर्डन ‘टेक्स’ बेनेके यांच्याकडे होते. बेनेके 1938 पासून मिलर यांच्याकडे टेनर सॅक्सोफोन वाजवत, गातही असत. ‘चॅटनूगा चू चू’त त्यांचाच आवाज होता, त्यामुळे चेहरा आणि आवाज दोन्ही लोकांच्या ओळखीचे होते. वादकांपैकी बरेच जण लष्करी वृंदातून आलेले होते आणि तंतुवाद्यांचा ताफाही बरोबर होता. पियानोवर आणि रचनाकार म्हणून हेन्री मॅन्सिनी होते. चित्रपटसंगीतात त्यांचे नाव व्हायला अजून बरीच वर्षे होती.

या वृंदाच्या जाहिराती आणि तबकड्यांवरची नावे कालक्रमाने लावली की एक सरकत गेलेली रेघ दिसते. सुरुवातीला ग्लेन मिलर वाद्यवृंद हे नाव ठळक, बेनेके त्याचे संचालक. नंतर बेनेके पुढे, मिलर मागे. अखेरीस नुसता टेक्स बेनेके यांचा वाद्यवृंद. एका बाजूला मिलर यांची इस्टेट आणि व्यवस्थापक डॉन हेन्स यांना ओळखीचा ध्वनी जसाच्या तसा हवा होता. दुसऱ्या बाजूला बेनेके यांना त्यापुढे जायचे होते. 1950 च्या अखेरीस दोघांची फारकत झाली.

फारकतीचे खापर केवळ स्वभावांवर फोडणे बरोबर होणार नाही. युद्धानंतर मोठ्या वृंदांचा धंदाच खालावत होता. 1946 च्या डिसेंबरात बेनी गुडमन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी, वुडी हर्मन यांच्यासह अनेक नामवंतांनी आपापले वृंद मोडले. नाचाच्या आणि मनोरंजनाच्या जागांवर केंद्राचा 20 टक्के कर होता. श्रोत्यांचा ओढा गायकांकडे वळला होता. अशा दिवसांत तंतुवाद्यांसह मोठा संच बसमधून फिरवणे फार महाग पडे. बेनेके यांच्या संचातली तंतुवाद्ये गेली, ती या गणितामुळे.

दरम्यान आर.सी.ए. व्हिक्टरने राल्फ फ्लॅनगन यांना मिलर यांच्या धाटणीत वाजवायला लावले आणि त्यांच्या तबकड्या चांगल्या खपल्या. रे अँथनी यांनीही त्या वळणाने जाऊन यश मिळवले. क्लॅरिनेट वर आणि टेनर खाली, ही बांधणी कोणीही वापरू शकत होते. कायद्याने तिला कुंपण नव्हते. कुंपण होते ते नावाला आणि मिलर यांच्या स्वतःच्या वह्यांना.

1956 चा करार

1954 च्या चित्रपटात बेनेके यांना स्थान मिळाले नाही. फारकतीचा राग कागदावर कुठे नोंदलेला नसला, तरी पडद्यावरच्या या गैरहजेरीतून तो दिसतो. चित्रपट तुफान चालला आणि त्याचे संगीतही खपले. चित्रपटातला इतिहास कच्चा असला, तरी मृत्यूनंतर दहा वर्षांनी मिलर यांच्या नावाला किती गिऱ्हाईक आहे याचा तो पक्का पुरावा ठरला.

1956 साली मिलर यांच्या पत्नी हेलन यांनी ‘ग्लेन मिलर प्रॉडक्शन्स’ ही कंपनी काढली. मिलर यांचे वकील आणि मित्र डेव्हिड मॅके हे या व्यवहारातले मुख्य सहकारी होते. हेलन यांनी या कंपनीला मिलर यांचे नाव, प्रतिमा आणि संगीताच्या वह्यांचा संग्रह तिच्या व्यवसायासाठी वापरण्याचा परवाना दिला. आजच्या वृंदाचा जन्मदाखला हाच. बेनेके यांच्या वेळी नाव एका कलावंताच्या हाती होते आणि तो कलावंत ते हळूहळू आपल्या नावात विरघळवू शकला. आता नाव कंपनीकडे गेले. नेता हा कंपनीने नेमलेला माणूस झाला. त्याला बदलता येत होते, आणि बदलल्याने काही बिघडत नव्हते.

पहिली नेमणूक रे मॅकिन्ले यांची झाली. लष्करी वृंदातल्या कठीण वर्षाचे ते साक्षीदार असल्याने नैतिक वारसाही त्यांच्याकडे होता. त्यांनी दहा वर्षे वृंद चालवला. जुन्या वह्यांबरोबर नव्या रचनाही वाजवल्या. ॲल्टो सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे लेनी हँब्रो त्यांच्या हाताखाली होते. हँब्रो मूळचे लॅटिन आणि आधुनिक जॅझमधले. पोटासाठी जुन्या धाटणीत शिरलेले असे वादक या संचात पुढेही दिसत राहतात. 1957 साली वृंदाने पोलंड आणि युगोस्लाव्हियाचा दौरा केला. 1961 च्या उन्हाळ्यात सी.बी.एस. दूरचित्रवाणीवर मॅकिन्ले आणि लष्करी वृंदातले गायक जॉनी डेझ्मंड यांचा ‘ग्लेन मिलर टाइम’ हा कार्यक्रम झाला. वृंद मोडून तेव्हा 19 वर्षे झाली होती. स्मरणरंजनाचा बाजार पुरता उभा राहिला होता.

नेत्यांची यादी कशी वाचावी

1966 साली हेलन मिलर वारल्या. त्याच वर्षी मॅकिन्ले बाजूला झाले आणि क्लॅरिनेटवादक बडी डिफ्रँको आले. या यादीतली ही सर्वांत विचार करायला लावणारी नेमणूक. डिफ्रँको हे बीबॉप शैली क्लॅरिनेटवर आणणारे अव्वल कलावंत. पण 1950 च्या दशकानंतर आधुनिक जॅझमध्ये क्लॅरिनेटला मागणी उरली नव्हती. त्या पिढीतला सर्वांत पुढारलेला क्लॅरिनेटवादक 1974 पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, रोज रात्री 1939 चे संगीत वाजवत होता. मिलर वृंदाच्या इतिहासात ही वर्षे भरभराटीची आहेत. डिफ्रँको यांच्या स्वतःच्या चरित्रात ती जवळजवळ रिकामी आहेत. अशा संस्था कलावंताला पगार देतात आणि त्याच्या बदल्यात त्याची वर्षे घेतात.

1974 मध्ये थोडा काळ पीनट्स हको आले. लष्करी वृंदात मिलर यांच्याबरोबर वाजवलेले ते शेवटचे नेते. त्यांच्यानंतर मिलर यांच्याशी थेट जोडणारा धागा नेतृत्वात उरला नाही. मग 1975 पर्यंत बडी मॉरो, 1981 पर्यंत जिमी हेंडरसन, 1983 पर्यंत लॅरी ओब्रायन, 1988 पर्यंत डिक गेरहार्ट आणि त्यानंतर पुन्हा ओब्रायन, ते थेट 2010 पर्यंत. पुढे थोडा काळ गॅरी टोल, 2012 पासून निक हिल्शर आणि 2021 पासून एरिक स्टॅबनाऊ.

या यादीतून तीन गोष्टी निघतात. पहिली, नेत्याचे वाद्य महत्त्वाचे राहिलेले नाही. मिलर ट्रॉम्बोनवादक होते. मॉरो, हेंडरसन आणि ओब्रायनही ट्रॉम्बोनचेच. पण मॅकिन्ले ढोलवादक, डिफ्रँको क्लॅरिनेटवादक, हिल्शर चक्क गायक आणि स्टॅबनाऊ टेनर सॅक्सोफोनवादक. दुसरी, उत्तराधिकारी हळूहळू घरातूनच येऊ लागले. ओब्रायन यांनी मॅकिन्ले यांच्या हाताखाली ट्रॉम्बोन वाजवला होता. हिल्शर याच वृंदात गात होते, स्टॅबनाऊ याच वृंदात वाजवत होते. मूळ पुरुषाला पाहिलेली पिढी संपल्यावर त्याच्या नावाच्या संस्थेत शिकलेली पिढी आली. तिसरी गोष्ट व्यवसायाची. मॉरो इथून बाहेर पडले आणि 1977 पासून 2010 मध्ये मृत्यू येईपर्यंत टॉमी डॉर्सी यांच्या नावाचा वृंद चालवत राहिले. दिवंगत नेत्याचे नाव चालवणे हाच एक स्वतंत्र पेशा झाला होता.

नेत्यांची ही साखळी सहज मिळते. वादकांची मिळत नाही. वृंदाच्या स्वतःच्या माहितीनुसार संच 18 जणांचा. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही वृंदांच्या वह्यांमधले संगीत तो वाजवतो. वर्षातले बहुतेक आठवडे रस्त्यावर जातात. अशा नोकरीत बहुधा संगीत महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण येतात. वही वाचायला शिकतात, कष्ट सोसतात आणि पुढे निघून जातात. त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकांच्या मागच्या पानावर छापलेली असतात, आणि या इतिहासाचा सर्वांत मोठा भाग त्याच पानांवर आहे.

निवाडा

1988 मध्ये कंपनीने ब्रिटनमध्ये रे मॅकव्हे यांना आणि 1990 मध्ये युरोपात विल साल्डन यांना याच नावाचा वृंद चालवायला परवाने दिले. एकाच नावाचे एकाहून अधिक संच वेगवेगळ्या देशांत एकाच रात्री वाजवू लागले. ब्रिटनमध्ये सिड लॉरेन्स यांनी 1967 सालीच मिलर यांच्या ध्वनीचा वृंद काढला होता, पण स्वतःच्या नावाने. त्यांना परवान्याची गरज पडली नाही. ध्वनी आणि नाव या दोन मालमत्ता वेगळ्या आहेत, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

मिलर यांच्या दोन दत्तक मुलांनी या पोटपरवान्यांना न्यायालयात आव्हान दिले. त्यांचा मुद्दा असा: आईने कंपनीला नाव वापरू दिले, ते दुसऱ्यांना वाटायचा अधिकार दिला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा चालला. 2006 साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाचे विवेचन स्वीकारून निकाल दिला. कायद्याच्या प्रश्नावर मुलांचे म्हणणे खरे ठरले: मूळ मालकाची स्पष्ट परवानगी नसेल तर परवानाधारकाला पोटपरवाने देता येत नाहीत. नाव कोण वापरतो यावर मालकाचे नियंत्रण राहिले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. तरीही मुले हरली. पोटपरवान्यांचा प्रकार वर्षानुवर्षे उघडपणे चालू होता, त्यांना तो कळला होता किंवा कळायला हवा होता, आणि त्यांनी फार उशीर केला, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

या निवाड्याकडे नुसता वारसांचा पराभव म्हणून पाहू नये. पन्नास वर्षांत कंपनीने नाव राबवले, वादक नेमले, बस फिरवली. एवढा काळ उलटल्यावर तो डोलारा मोडायला न्यायालय तयार झाले नाही. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष वहिवाट यांच्या या भांडणात वहिवाट जिंकली.

मग वृंद कोणाचा?

अशा संचांना अमेरिकेत ‘घोस्ट बँड’ म्हणतात. त्या संबोधनात थोडी कुचेष्टा आहे. मूळ माणूस गेला, आता त्याच्या नावावर दुकान चालू आहे, असा तिचा रोख. पुरावा मात्र हा रोख पुरता मान्य करू देत नाही. मिलर यांनी स्वतः चालवलेला नागरी वृंद साडेचार वर्षांचा; 1956 चा वृंद सत्तरीला टेकला आहे. 1938 चा वृंद 1942 मध्ये संपला. लष्करी वृंद 1945 मध्ये संपला. त्याची परंपरा चालवण्यासाठी अमेरिकी हवाई दलाने 1950 साली ‘एअरमेन ऑफ नोट’ हा स्वतंत्र वृंद काढला. बेनेके यांचा वृंद त्यांच्याच नावात विरला. आज फिरतो तो चौथा वृंद. त्याची कुळी मिलर यांच्यापासून न मोजता 1956 च्या परवान्यापासून मोजावी लागते.

पहिल्या तीन वृंदांचे काय झाले हे पाहिले की चौथा का टिकला हे कळते. चौथ्या वृंदातली कोणतीच गोष्ट एका माणसावर अवलंबून नव्हती. संगीत वह्यांत होते, नाव कंपनीकडे होते आणि नेता पगारी होता. या व्यवस्थेची किंमतही लख्ख आहे. सत्तर वर्षांत या वृंदाने मिलर यांच्या तोडीची एकही नवी रचना जगाला दिली नाही. ते त्याचे कामच नव्हते. ज्या कलावंताला ते काम करायचे होते, त्याला, बेनेके यांच्याप्रमाणे, बाहेर पडावे लागले. म्हणून या संचाला मिलर यांची सावली म्हणून हिणवणे चूक, आणि मिलर यांचाच वृंद म्हणून मिरवणेही चूक. ही एक सांभाळणारी संस्था आहे आणि सांभाळण्याच्या कसोटीवर ती उत्तीर्ण झाली आहे.

तिचा पुरा इतिहास मात्र अजून लिहिला गेलेला नाही. ग्लेन मिलर यांच्यावर ग्रंथ आहेत, त्यांच्या दोन्ही वृंदांच्या तारीखवार सूची आहेत. 1956 नंतर या बसमधून गेलेल्या शेकडो वादकांवर तसे काम व्हायचे आहे, आणि त्याची सुरुवात पगारपत्रकांपासून आणि कार्यक्रमपत्रिकांच्या मागच्या पानांपासूनच करावी लागेल.